लाल कागदावर ‘फू’: चिनी नववर्षाच्या शुभेच्छा हाताने लिहायला शिकताना

सिंगापुरात राहायला गेलो त्या पहिल्याच जानेवारीत शेजारच्या आजींनी माझ्या हातात एक चौकोनी लाल कागद ठेवला. “तुझ्या दारावरचं अक्षर तूच लिही,” म्हणाल्या. मी फोनवर ‘फू’ या अक्षराचं चित्र शोधलं, पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा उतरवून घेतली आणि आत काळा रंग भरला. तास-दीड तास लागला. आजींनी कागद हातात घेतला, अक्षराच्या डाव्या बाजूच्या एका टिंबावर बोट ठेवून ते झाकलं आणि म्हणाल्या, “हे नको. आणि तू अक्षर लिहिलं नाहीस, चित्र काढलंस.” मग त्यांनी जुनं वर्तमानपत्र पसरलं, माझ्या हातात कुंचला दिला आणि एकच आडवी रेघ चाळीस वेळा काढायला लावली.

त्या संध्याकाळी जे कळलं तेच या लेखात सांगायचं आहे. चिनी अक्षर डोळ्यांनी पाहून उतरवता येत नाही. रेघ कुठून निघते, कुठे थांबते आणि तिच्यानंतर कोणती येते हे हाताला माहीत असावं लागतं. चिनी माणूस तुमचं अक्षर पाहतो तेव्हा त्याला ते दिसतं. रेघ वाकडी असली तरी चालतं, क्रम चुकला की अक्षर परकं दिसतं.

तुम्हाला चिनी भाषा येत नसेल तरी हरकत नाही. ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्याला, मुलीच्या मैत्रिणीच्या घरी, क्वांगचौच्या एखाद्या व्यापाऱ्याला स्वतःच्या हाताने लिहिलेली शुभेच्छा द्यायची असेल, तर रोज वीस मिनिटं, सहा आठवडे आणि फक्त चार अक्षरं एवढा हिशेब पुरतो. चिनी नववर्ष अमावास्येला सुरू होतं आणि २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतं, म्हणजे आपल्या पाडव्याच्या महिना-दोन महिने आधी. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला. डिसेंबरच्या शेवटी सुरुवात केली की वेळेवर हात बसतो.

आधी काय लिहायचं ते ठरवा

नवशिके सगळ्यात आधी ‘कुंग शी फा त्साय’ लिहायला जातात, कारण तेच ऐकलेलं असतं. अर्थ: अभिनंदन, भरभराट होवो. हाँगकाँगकडचे लोक तेच कँटनीज उच्चारात ‘कुंग हेइ फात छोय’ म्हणतात. बोलायला सोपं, पण लिहायला पहिल्याच दिवशी नको. आजच्या सोप्या केलेल्या लिपीतही त्या चार अक्षरांत मिळून चौतीस रेघा आहेत आणि एकही अक्षर सरळसोट नाही.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी ‘ता ची’, म्हणजे महाशुभ; मग ‘छुन’, म्हणजे वसंत; मग ‘फू’, म्हणजे सुख-सौभाग्य. ही तिन्ही सुटी लाल कागदावर लिहून दारावर लावण्याची रीत आहे, त्यामुळे एवढंच लिहिलंत तरी शुभेच्छा पूर्ण होते.

उच्चारांबद्दल एक सांगते. इंग्रजी अक्षरांतल्या चिनी लेखनाला पिनयिन म्हणतात. त्यात जिथे ‘डी’ असतो तिथे आपला ‘त’ येतो आणि ‘टी’ असतो तिथे ‘थ’. ‘प’ आणि ‘फ’, ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरकच चिनी भाषेत महत्त्वाचा, आणि तो फरक मराठी माणसाला बाराखडीपासून माहीत असतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना जे महिनोन्‌महिने जमत नाही ते आपल्याला आयतं मिळतं. ‘फू’मधला फ मात्र ‘फॅन’मधला, ‘फळ’मधला नव्हे.

फोनवर चिनी पिनयिन कीबोर्ड सुरू करा. डी-ए-जे-आय टाइप केलं की ‘ता ची’ची अक्षरं येतात, एफ-यू टाइप केलं की ‘फू’ उच्चाराची बरीच अक्षरं येतात, त्यांतलं ज्याच्या डाव्या बाजूला वर टिंब आणि उजव्या बाजूला खाली चार घरांची खिडकी दिसते ते आपलं. चिनी शब्दकोशाच्या बहुतेक ॲपमध्ये अक्षराच्या रेघा क्रमाने उमटताना पाहता येतात. तेही जरूर पाहा, पण त्याआधी खाली दिलेला क्रम वाचून हवेत बोट फिरवा. आणि कित्ता म्हणून छापील पुस्तकातला नेहमीचा टाइप घेऊ नका. त्यात आडव्या रेघेच्या टोकाला छोटा त्रिकोण असतो. तो छपाईचा आहे, हाताचा नाही. ‘खाय-थी’ नावाचा फॉन्ट निवडा. ‘खाय-शू’ म्हणजे सरळ, सुट्या रेघांची लिपी, तिच्यावर तो बेतलेला आहे. शिकणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो.

सामान

चिनी परंपरेत कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड यांना अभ्यासिकेची चार रत्नं म्हणतात. आनह्वी प्रांतातल्या चिंग तालुक्यात बनणारा श्वान कागद आणि च-च्यांग प्रांतातल्या हूचौचे कुंचले यांचं नाव मोठं आहे. पण सुरुवातीला यांतलं काही आणू नका. श्वान कागद शाई इतक्या पटकन पितो की हात थबकला रे थबकला की तिथे डाग फुटतो. नवशिक्याचा हात थबकतोच.

कुंचला मिश्र केसांचा घ्या. बकरीच्या केसांचा मऊ असतो, शाई भरपूर धरतो पण लोळतो. तांबूस केसांचा ताठ असतो आणि चटकन उसळून परत येतो. मिश्र केसांचा दोन्हींच्या मधला. चिनी कुंचला मिळाला नाही तर जलरंगाचा आठ-दहा नंबरचा गोल ब्रश चालेल, अट एकच: ओला केल्यावर टोक सुईसारखं जमलं पाहिजे. नव्या चिनी कुंचल्याचे केस खळीने चिकटवलेले असतात. ते बोटांनी मोडू नका. साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि हळूहळू मोकळे होऊ द्या.

शाई बाटलीतली काळी. कपड्याला लागली तर निघत नाही, जुना सदरा घालून बसा. सरावाला जुनं वर्तमानपत्र उत्तम, चीनमध्येही लोक त्यावरच हात बसवतात. ऑनलाइन एक राखी कापड मिळतं, त्यावर नुसत्या पाण्याने लिहायचं. काळी रेघ उमटते आणि वाळली की नाहीशी होते. लहान मुलं सोबत शिकणार असतील तर तेच घ्या, आपल्या पाटीसारखं आहे. खाली जाड कापड किंवा जुनी घोंगडी अंथरा.

लाल कागदाची घाई नको. घ्याल तेव्हा पतंगाचा पातळ किंवा चकाकणारा घोटीव कागद घेऊ नका. घोटीव कागदावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि वाळल्यावर पापुद्रा सुटतो. लग्नपत्रिकांचा कागद विकणाऱ्या दुकानात खरखरीत लाल कागद मागा.

बैठक, पकड, रेघ

पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ, कागद बरोबर समोर. वहीसारखा तिरपा नको. कुंचला उभा धरायचा. अंगठा एका बाजूने, पहिली दोन बोटं दुसऱ्या बाजूने, अनामिका आतून टेकलेली, करंगळी तिला आधार. तळहात पोकळ राहिला पाहिजे. तिथे एक लिंबू मावेल अशी कल्पना करा. आपल्याला पेन तिरपा धरायची सवय असते. बोरूने लिहिलेल्यांना तर जास्तच, कारण बोरूचा सगळा खेळ तिरप्या कापावर. कुंचला तिरपा झाला की रेघ एका बाजूने दातेरी निघते. बोटं जागेवर राहू द्या, हात कोपरापासून हलवा.

शाईत कुंचला पूर्ण बुडवून बशीच्या कडेला निपटून घ्या. टोकाला थेंब लोंबत असेल तर अजून निपटा.

आता आडवी रेघ, ‘हंग’. टोक कागदाला लावा, किंचित उजवीकडे-खाली दाबा, थांबा. मग दाब जरा उचलून उजवीकडे चला. शेवटी पुन्हा किंचित वर जाऊन, दाबून, आलेल्या वाटेने टोक परत घ्या. रेघ हाडासारखी दिसेल: दोन्ही टोकं जाड, मध्ये बारीक. आणि आडवी म्हटलं तरी ती पट्टीने आखल्यासारखी सपाट नसते, उजवीकडे थोडी चढते. आपल्या देवनागरीत शिरोरेषा सपाट असते आणि अक्षर तिला टांगलेलं असतं. तो हात इथे विसरावा लागतो. चिनी अक्षर कशालाही टांगलेलं नसतं, चौकोनाच्या मध्यावर स्वतःचा तोल सांभाळून उभं असतं.

उभी रेघ ‘शू’. ती दोन प्रकारे संपते: टोकाला दाबून गोल केली तर ‘लोंबता दवबिंदू’, उचलत उचलत टोकदार सोडली तर ‘टांगलेली सुई’. ही तिथल्या लेखकांचीच नावं आहेत. आधी दवबिंदू शिका.

डावीकडे उतरणारी ‘फ्ये’: वर दाब, खाली जाता जाता उचलत न्यायची, पण झटकायची नाही. उजवीकडे उतरणारी ‘ना’ सगळ्यांत अवघड. बारीक निघते, उतरताना जाड होत जाते, तळाशी थांबते आणि तिथून जवळजवळ आडवी होऊन निमुळती सुटते. तिला ‘एक लाट, तीन वळणं’ म्हणतात. ही रेघ जमेपर्यंत मला दोन आठवडे लागले. घाई केली की पायमोज्यासारखी दिसते, थांबायला विसरलं की झाडूसारखी.

टिंब ‘त्येन’ हा ठिपका नव्हे. टोक टेकवून उजवीकडे-खाली दाबायचं आणि टोक आत घेऊन उचलायचं. भाताच्या दाण्यासारखा आकार. याशिवाय वर उचललेली रेघ, आकडा आणि मोड आहेत. या आठही प्रकारच्या रेघा ‘युंग’ म्हणजे ‘चिरंतन’ या एकाच अक्षरात सापडतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलं ते गिरवत आली आहेत.

गिरवणं हा शब्द मुद्दाम वापरते. चिनी मुलांना लाल रंगात छापलेली अक्षरं देतात, त्यांच्यावरून काळ्या शाईने कुंचला फिरवायचा. आपण पाटीवर बाईंनी काढलेला ‘श्री’ गिरवला त्याची हीच पद्धत. तुम्हीही फिकट लाल रंगात अक्षर छापून घ्या, आठवडाभर त्यावरून गिरवा, मग कोऱ्या चौकोनात लिहा. चौकोन दहा सेंटिमीटरचा आखा, आत उभी, आडवी आणि दोन तिरप्या रेघा. आठ दिशांच्या या जाळीला चिनीत तांदळाचं घर म्हणतात, कारण तांदूळ हे अक्षर तसंच दिसतं.

क्रम

वरचं आधी, खालचं मग. डावं आधी, उजवं मग. आडवी उभीला छेदत असेल तर आडवी आधी. डावीकडे उतरणारी आधी, उजवीकडची नंतर. आणि बंद चौकटीत काही असेल तर चौकटीच्या तीन बाजू, मग आतलं, आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी. चिनी शिक्षक मुलांना सांगतात: आधी माणसं घरात येऊ दे, मग दार लाव.

एवढे नियम पाठ झाले की नवं अक्षर पाहूनही क्रम बहुतेकदा ओळखता येतो.

ता ची

‘ता’ म्हणजे मोठं. तीन रेघा: आडवी; तिला मधोमध छेदून डावीकडे उतरणारी; आणि दोघींच्या छेदापासून निघून उजवीकडे उतरणारी ‘ना’. हात पसरून, पाय फाकवून उभा असलेला माणूस. दोन्ही पाय एकाच पातळीवर टेकले पाहिजेत.

‘ची’ म्हणजे शुभ. सहा रेघा: आडवी, तिच्या मधून खाली येणारी उभी, तिच्या तळाशी दुसरी आडवी, खाली एक छोटी चौकट, तिच्या तीन रेघा, म्हणजे डावी उभी, वरून उजवीकडे जाऊन खाली मोडणारी एकसंध रेघ, आणि तळ. इथे एकच गोष्ट सांभाळायची: वरची आडवी लांब, खालची आखूड. उलट झालं तर वरच्या भागाचा अर्थ ‘विद्वान’चा ‘माती’ होतो. चौकट वरच्या बाजूला किंचित रुंद ठेवा, तळाशी निमुळती. अगदी चौरस केली की खोक्यासारखी जड दिसते.

सिंगापुरात नववर्षाला कुणाच्या घरी जाताना दोन संत्री न्यायची असतात, आणि निघताना यजमानही दोन देतात. कँटनीजमध्ये संत्र्याचा ‘काम’ आणि सोन्याचा ‘काम’ सारखाच ऐकू येतो. मी पहिल्यांदा कुणाला लेखन दिलं ते पोस्टकार्डाएवढ्या लाल कागदावरचं ‘ता ची’ होतं, संत्र्यांच्या पिशवीला बांधलेलं. तुम्हीही हेच करा. लहान कागदावर चूक लपते आणि भेट पुरेशी वाटते.

छुन

नऊ रेघा. तीन आडव्या, एकाखाली एक. मधली सर्वांत आखूड, खालची सर्वांत लांब. मग वरच्या आडवीच्याही थोडं वरून निघून तिन्हींना छेदत डावीकडे खाली जाणारी लांब ‘फ्ये’. मग उजवीकडे उतरणारी ‘ना’. या दोन रेघांचं छप्पर तयार होतं, आणि त्या छपराखाली सूर्य: डावी उभी, मोडलेली रेघ, आतली आडवी, तळ.

सूर्य छपराखाली मावत नाही, ही सगळ्यांची अडचण. उपाय असा की तीन आडव्या रेघा आपल्याला वाटतात त्याहून जवळजवळ घ्या आणि चौकोनाच्या वरच्या निम्म्यात संपवा. ‘फ्ये’ आणि ‘ना’ ऐसपैस पसरू द्या, सूर्य अरुंद ठेवा.

फू

आता मुख्य अक्षर. तेरा रेघा. घाई न करता एक संध्याकाळ फक्त डाव्या अंगाला द्या.

डावं अंग चार रेघांचं आहे, आणि त्याचा संबंध देवापुढच्या वेदीशी. एक: वर टिंब. दोन: त्याच्याखाली छोटी आडवी, उजव्या टोकाला न उचलता डावीकडे खाली वळवून उतरवलेली. तीन: तिच्या मध्यातून निघणारी उभी. चार: उभीच्या उजव्या कुशीत एक टिंब. बस. इथे दुसरं टिंब दिलंत की ते वस्त्राचं अंग होतं. आजींनी बोटाने झाकलं ते हेच टिंब. फोनच्या छोट्या पडद्यावर ते आहे की नाही हे कळत नाही, आणि पुष्कळ परदेशी माणसं तिथेच चुकतात. म्हणून चार मोजत लिहा.

उजवं अंग नऊ रेघांचं, तीन मजल्यांचं. वर एक आडवी, आखूड. तिच्याखाली छोटी चौकट, म्हणजे तोंड, तीन रेघा. त्याच्याखाली शेत, पाच रेघा: डावी उभी, वरून जाऊन खाली मोडणारी, आतली आडवी, आतली उभी, आणि शेवटी तळ. माणसं आत, मग दार. लोक गंमतीने याचा अर्थ लावतात: एक, तोंड, शेत, प्रत्येक तोंडाला शेत मिळालं की सुख. अक्षराचे अभ्यासक म्हणतात की उजवं अंग मुळात काठोकाठ भरलेल्या रांजणाचं चित्र होतं. वेदीपुढे भरलेला रांजण. मला हा दुसरा अर्थ लिहिताना जास्त उपयोगी पडतो, कारण उजवी बाजू रांजणासारखी खाली रुंद आणि भरीव झाली पाहिजे. वरची चौकट मोठी आणि शेत छोटं झालं तर अक्षर डोईजड दिसतं.

डावं अंग चौकोनाच्या साधारण एक तृतीयांश जागेत बसवा. उभी रेघ शेताच्या तळापेक्षा किंचित खाली उतरू द्या.

बीजिंगला राजपुत्र कुंगच्या वाड्यात खांगशी बादशहाच्या हातचं ‘फू’ शिळेवर कोरलेलं आहे. लोक ते पाहायला रांग लावतात आणि त्याचे छाप घरी नेतात. त्याचे फोटो पाहा, मात्र कित्ता म्हणून घेऊ नका. तो मुरलेल्या हाताचा वेग आहे, सरळ खाय-शू नव्हे.

हे अक्षर लिहायचा कागद चौरस, पण कोपरा वर करून. म्हणजे कागद शंकरपाळीसारखा उभा आणि अक्षर सरळ. आधी कागद दोन्ही कोपऱ्यांतून दुमडून हलकी खूण पाडा, मध्य सापडतो. अक्षर मोठं करायचा मोह होतो. कागदाच्या टोकांकडे भरपूर लाल मोकळं राहिलं पाहिजे.

आणि मग उलटं लावायचं की सुलटं? चिनीत ‘उलटा झाला’ आणि ‘येऊन पोहोचला’ या दोन्हींना ‘ताव’च म्हणतात. म्हणून ‘फू’ उलटं लावलं की पाहणारा नकळत म्हणतो, फू ताव, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सौभाग्य आलं. मात्र अनेक घरांत मुख्य दारावर ते सुलटंच ठेवतात आणि उलटं आत, कपाटावर किंवा तांदळाच्या डब्यावर लावतात. दुसऱ्याला भेट देताना तुम्ही सुलटं द्या, लावायचं कसं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

चार अक्षरं, आणि दाराची जोडी

हात बसला की चार अक्षरी शुभेच्छा घ्या. ‘शिन न्येन ख्वाय ल’, नववर्ष आनंदाचं जावो, कुणालाही चालते. ‘छू रू फिंग आन’, येणं-जाणं सुखरूप होवो, घराच्या दारासाठी. यातली अक्षरं सुटसुटीत आहेत म्हणून मी हीच आधी सुचवेन. ‘न्येन न्येन यौ यु’, दर वर्षी काही उरो. इथे उरण्याचा ‘यु’ आणि माशाचा ‘यु’ एकाच उच्चाराचे, म्हणून नववर्षाच्या आदल्या रात्री ताटात मासा असतो आणि थोडा मुद्दाम उरवतात. दुकानदाराला भरभराटीचं, वयस्कर माणसाला आरोग्याचं लिहा. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे तिथे लाल कागद पाठवू नका. कुंकू लावलेलं पत्र आपण अशा घरी पाठवत नाही, तसंच.

दाराच्या दोन्ही बाजूंच्या लाल पट्ट्यांना ‘छुन-ल्येन’ म्हणतात, वसंताची जोडओळ. सांगतात की उत्तरकालीन शू राज्याचा राजा मंग छांग याने ९६४ च्या सुमारास अशी पहिली जोडी लिहिली. त्याआधी दारावर पीचच्या लाकडाच्या पाट्या टांगत. त्याच्या ओळींचा अर्थ साधारण असा: नवं वर्ष पूर्वपुण्याईचा उरलेला आनंद स्वीकारतं, हा शुभ सण चिरवसंताची वर्दी देतो. दोन्ही ओळी पाच-पाच अक्षरांच्या. चिनीत प्रत्येक अक्षर चारांपैकी एका ठरावीक सुरात, म्हणजे आवाजाच्या चढ-उतारात, उच्चारतात. पहिलीचा शेवट ‘छिंग’ या खाली पडणाऱ्या सुरावर, दुसरीचा शेवट ‘छुन’ या सपाट सुरावर. तुम्ही शिकलात तेच छुन.

लावताना बहुतेक परकी माणसं इथे चुकतात. दाराकडे तोंड करून उभं राहिलं की पहिली ओळ उजव्या हाताला, दुसरी डाव्या हाताला, कारण जुनं चिनी लेखन वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे चालतं. तयार ओळींतली पहिली ओळखायची असेल तर शब्दकोशात शेवटच्या अक्षराचा सूर पाहा: तिसरा किंवा चौथा असेल ती उजवीकडे. स्वतः ओळी रचायला जाऊ नका, त्याला वर्षं लागतात. मुंबईत असाल तर माझगावच्या नवाब टँक रोडवरच्या ‘सी यप कून’ या चिनी मंदिरात जाऊन या. चिनी नववर्षाला तिथे लोक दर्शनाला येतात.

सोपी लिपी की जुनी

चीनने १९५६ मध्ये सोप्या अक्षरांची योजना आणली. सिंगापूर आणि मलेशियातही तीच वापरतात. तैवान, हाँगकाँग, मकावमध्ये जुनी. ज्याला देणार त्याच्या गावची लिपी घ्या. ‘आनंद’मधलं ‘ल’ सोप्या लिपीत पाच रेघांचं, जुन्या लिपीत पंधरा. एकाच ओळीत दोन्हींची सरमिसळ मात्र नको. आपण शिकलेली चार अक्षरं हाताने लिहिताना दोन्हीकडे सारखीच, हेही ती निवडण्याचं एक कारण.

खाली नाव

शुभेच्छेच्या डाव्या कडेला, लहान अक्षरांत. नाव चिनी अक्षरांत हवं असेल तर उच्चार जुळवणाऱ्या यंत्रावर सोडू नका. एका उच्चाराची डझनभर अक्षरं असतात आणि त्यांतली काही अभद्र अर्थाची. जाणकाराला विचारा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथे ते ‘ख ती-ह्वा’ झाले. पहिली दोन अक्षरं कोटणीस या उच्चाराच्या जवळची, आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे ‘ह्वा’ होतं, नागपूरच्या डॉ. चोळकरांच्याही. नाव असं जुळवायचं असतं, अर्धं उच्चाराने आणि अर्धं मनाने.

नाव लाल शाईने लिहू नका, अशुभ मानतात. लाल शिक्का मात्र चालतो, शोभतोही. नाव जमलं नाही तर देवनागरीत सही करा. मी तशीच करते, आणि ज्यांना दिलं त्यांनी ती वळवून वळवून पाहिली आहे.

लाल कागदावर

पांढऱ्यावर सलग तीन दिवस अक्षर मनासारखं आलं की मग लाल कागद. दोन-तीन कागद जास्तीचे ठेवा. लाल कागदावर शाई उशिरा वाळते, कागद आडवाच राहू द्या, उभा केला की ओघळ येतो. रेघेत कुठे कोरडी खडबड राहिली तर पुन्हा कुंचला फिरवून भरू नका. गिरवून दुरुस्त केलेली रेघ लगेच ओळखू येते आणि कोरडी रेघ जिवंत दिसते. आजी माझ्या हातावर हलकी चापट मारायच्या ती यासाठीच.

काम झालं की कुंचला वाहत्या पाण्यात, साबण न लावता, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, टोक बोटांनी जुळवा आणि टोक खाली करून टांगा. भांड्यात उभा ठेवला तर पाणी मुळाशी मुरतं आणि केस गळतात.

नववर्षाच्या आदल्या दिवशी घर झाडून झालं की गेल्या वर्षीचा कागद काढायचा आणि त्याच जागी नवा लावायचा. आमच्या सिंगापूरच्या दारावर उन्हाची तिरीप यायची. वर्ष सरेपर्यंत लालाचा फिकट गुलाबी व्हायचा. त्यावरचं तेरा रेघांचं फू मात्र लिहिलं त्या दिवसाइतकंच काळंभोर असायचं.